कोश पारखायचा तर ‘रन’ उघडा : कॉलिन्स कोबिल्ड वापरताना

इंग्रजीचा शब्दकोश घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण मलपृष्ठावरची शब्दसंख्या बघतात, एखादा अवघड शब्द शोधतात आणि तो सापडला की समाधानाने कोश घेऊन निघतात. पण अवघड शब्द सगळ्याच कोशांत सापडतात. कोशाचा कस लागतो तो सोप्या शब्दावर. माझ्यापुरता तो शब्द ‘रन’ आहे. नवा कोश हाती आला की मी आधी ‘आर’ची पानं उघडते, ‘रन’ची नोंद काढते आणि पहिल्या अर्थापासून शेवटच्या वाक्प्रचारापर्यंत वाचते. या परीक्षेत आजवर सगळ्यांत वर राहिला तो कॉलिन्स कोबिल्डचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा मोठा कोश. हे परीक्षण त्याचं आहे. बाकीचे तुलनेपुरते येतील.

माझं काम इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचं. यंत्रांची माहितीपुस्तकं, करारनामे, विम्याची कागदपत्रं, मधूनमधून एखादा वर्तमानपत्री लेख. या कामात ‘हायड्रॉलिक’ किंवा ‘इन्डेम्निटी’ यांसारखे भारदस्त शब्द त्रास देत नाहीत. त्यांचा अर्थ ठरलेला, प्रतिशब्द ठरलेला. एकदा लिहून ठेवला की काम झालं. त्रास देतात ते रन, सेट, टेक, पुट, गेट. वाचताना आपण त्यांच्यावर थांबत नाही, कारण ते आपल्याला ‘येतात’. आणि न थांबल्यामुळेच घात होतो.

एक उदाहरण देते. एका पंपाच्या माहितीपुस्तकाचा मराठी मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. मुळात इशारा होता : ‘डू नॉट रन द पंप ड्राय.’ मसुद्यात त्याचं झालं होतं ‘पंपाची कोरडी चाचणी घेऊ नका.’ भाषांतर करणाऱ्याने ‘ड्राय रन’ हा ओळखीचा जोडशब्द मनात धरला, त्याचा अर्थ रंगीत तालीम, चाचणी असा होतो, आणि तोच इथे लावला. मूळ वाक्य वेगळंच सांगत होतं : पंपात पाणी नसताना पंप चालवू नका. आतलं सील थंड आणि ओलं राहतं ते पंपातून जाणाऱ्या पाण्यामुळेच. पंप कोरडा चालला की सील तापतं आणि जातं. आता तो मसुदा तसाच छापला गेला असता तर काय झालं असतं बघा. वाचणाऱ्याला वाटलं असतं, चाचणी घ्यायची नाही, एवढंच ना? मग थेट चालू करू. म्हणजे ज्या गोष्टीपासून वाचवायचं, तिच्याकडेच त्याला ढकललं असतं. ‘रन ड्राय’ आणि ‘ड्राय रन’. शब्द तेच दोन, जागा बदलल्या की अर्थ पार दुसरा. भाषांतर करणाऱ्याच्या हाती होता फोनमधला एक फुकटचा कोश. त्यात ‘रन’समोर स्वल्पविरामांनी जोडलेले पंधरावीस मराठी शब्द होते : धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, धाव, क्रम... कुठला शब्द कधी घ्यायचा याचा एका अक्षराचाही खुलासा नाही. अशी यादी हातात असून नसल्यासारखीच, उलट कोश बघितल्याचं खोटं समाधान तेवढं मिळतं.

‘रन’चा पसारा किती मोठा आहे हे माहीत असलं की कोशकाराच्या कामाची कदर करता येते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा इंग्रजीचा सगळ्यांत मोठा ऐतिहासिक कोश. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि शेवटचा 1928 मध्ये. 1989 साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तसा हा मान 2000 साली ‘मेक’कडे गेला, 2007 मध्ये ‘पुट’कडे आणि 2011 मध्ये ‘रन’कडे. ‘रन’ची ती नोंद पीटर गिलिव्हर या कोशकाराने नव्याने रचली. एका क्रियापदावर त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक गेले आणि एकट्या क्रियापदाचे अर्थ भरले 645. यंत्रयुगाने या शब्दाला फार वाढवलं. आगगाडी रन होते, इंजिन रन होतं, कारखाना रन होतो, नंतर संगणकावरचा प्रोग्रॅमही रन होऊ लागला. प्रत्येक नव्या यंत्राने जुन्याच क्रियापदाला कामाला लावलं.

हा त्रास आजचा नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अशा क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे. अर्थ सैल, वापर अनिश्चित, मूळ कल्पनेपासून फार लांब गेलेले, असं म्हणून त्यांनी जी नावं घेतली त्यांत कम, गेट, पुट, सेट, मेक, टेक आहेत आणि ‘रन’ही आहे. एकट्या ‘टेक’चे त्यांनी 134 अर्थ दिले. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, कोशकार अजून त्याच शब्दांशी झुंजताहेत.

कोबिल्डने या झुंजीची रीतच बदलली. कॉलिन्स ही प्रकाशनसंस्था आणि बर्मिंगहॅम विद्यापीठ यांनी मिळून 1980 साली हा प्रकल्प सुरू केला. प्रमुख होते जॉन सिंक्लेअर. तोवर कोशकार जुन्या कोशांवरून आणि आपल्या भाषाज्ञानावरून अर्थ लिहीत. उदाहरणंही पुष्कळदा स्वतःच रचत. सिंक्लेअर यांनी ठरवलं की आधी खरोखर लिहिलेली आणि बोललेली इंग्रजी संगणकात भरायची आणि ती जे दाखवेल ते कोशात लिहायचं. लाखो शब्दांचा हा साठा, त्याला कॉर्पस म्हणतात, त्यांनी जमवला आणि त्यावरून 1987 मध्ये पहिला कोश काढला.

या कामाची पद्धत मला फार आवडते. संगणकाला ‘रन’ शोधायला सांगायचं. तो प्रत्येक सापडलेलं वाक्य एका ओळीत देतो, ‘रन’ बरोबर मधोमध, डावीकडे आधीचे काही शब्द, उजवीकडे नंतरचे. अशा ओळी एकाखाली एक लावायच्या आणि उजवीकडच्या शब्दाप्रमाणे त्यांची क्रमवारी लावायची. मग दिसायला लागतं : इथे ‘बिझनेस’, ‘कंपनी’, ‘हॉटेल’ यांचा घोळका आहे, इथे ‘रिस्क’चा, इथे ‘टेंपरेचर’ आणि ‘फीव्हर’चा. हल्ली असे कॉर्पस कुणालाही बघता येतात आणि मी कधीकधी बघत बसते. अर्थ वेगळे करायला फारसं डोकं लढवावं लागत नाही, शेजारचे शब्दच ते वेगळे करून दाखवतात. कुणी रन केलं, काय रन केलं, एवढं कळलं की दहांतल्या नऊ वेळा अर्थ हाती येतो.

आणि नेमकं हेच कोबिल्ड वाचकाला देतो. या कोशाचं सगळ्यांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे त्यातले अर्थ तुकड्यांत नसतात, पूर्ण वाक्यांत असतात. दुसरा एखादा कोश ‘रन’च्या एका अर्थासमोर ‘व्यवस्थापन करणे’ अशा धर्तीचा तुकडा देऊन मोकळा होईल. कोबिल्ड तुम्हाला समोर बसवून सांगितल्यासारखं लिहितो : तुम्ही एखादा धंदा किंवा संस्था रन करत असाल तर तिचा कारभार तुमच्याकडे असतो, असं काहीसं. म्हणजे अर्थ कळताकळताच कर्ता माणूस हवा, कर्म संस्था हवी, हेही कळलं. व्याकरणाचा वेगळा धडा लागला नाही. वाक्याची सुरुवातही विचारपूर्वक केलेली असते. पायांनी धावण्याचा अर्थ ‘व्हेन’ने सुरू होतो, कारण धावतो प्रत्येकजण, प्रश्न फक्त केव्हाचा. धंदा चालवण्याचा अर्थ ‘इफ’ने सुरू होतो, कारण धंदा काही सगळेच चालवत नाहीत. एवढ्याशा शब्दाची ही काळजी बघितली की कोश लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

‘रन अ कार’ घ्या. मोटार चालवणे असा अर्थ कुणीही करेल, आणि तो चुकेल. ‘मला रन अ कार परवडत नाही’ असं इंग्रजीत कुणी म्हणतं तेव्हा स्टिअरिंगचा काही संबंध नसतो. गाडी बाळगणं, तिचं इंधन, विमा, दुरुस्ती, हा सगळा खर्च उचलत राहणं म्हणजे ‘रन अ कार’. मराठीत आपण ‘गाडी ठेवणं परवडत नाही’ म्हणू, किंवा ‘गाडी पोसणं’. कोबिल्ड हा अर्थ स्वतंत्र देतो आणि तो प्रामुख्याने ब्रिटिश वापर आहे अशी खूणही करतो. त्याच नोंदीत थोडं पुढे गेलं की ‘रन समवन होम’ भेटतं : कुणाला तरी आपल्या गाडीने घरी सोडणं. इथे मात्र गाडी खरोखर चालते, पण कर्माच्या जागी माणूस आहे. कर्म गाडी असेल तर खर्च, कर्म माणूस असेल तर सोडायला जाणं. फोनमधल्या त्या यादीत हा फरक कुठे बसवणार?

क्रमवारीकडेही लक्ष द्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ काळाच्या क्रमाने येतात, जुना आधी. तिथे ते योग्यच आहे, त्यातून शब्दाचा प्रवास दिसतो. वाहणं हा ‘रन’चा फार जुना अर्थ आहे, जर्मनमधलं याच घराण्यातलं क्रियापद ‘रिनेन’ आजही पाणी वाहणं, झिरपणं याच अर्थाने वापरतात. म्हणून नाक रन होतं, नळ रन होतो, नदी रन होते, त्यात आलंकारिक असं काही नाही, तो शब्दाचा जुनाच संसार आहे. पण काम करायला बसलेल्या माणसाला जुनेपणा नको असतो, त्याला वापरात काय आहे ते हवं असतं. कोबिल्ड ढोबळमानाने वापराच्या प्रमाणात अर्थ लावतो. त्यामुळे ‘रन’मध्ये धावण्यानंतर अगदी वरच्या अर्थांतच रस्ता भेटतो. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर.’ रस्ता जागचा हलत नाही, तरी तो रन होतो. भाषाशास्त्रात याला काल्पनिक गती म्हणतात; लेनर्ड टाल्मी यांनी त्यावर बारकाईने लिहिलं आहे. मराठीतही रस्ता ‘जातो’, भिंतीची भेग छतापर्यंत ‘जाते’. पण तार किंवा नळी इकडून तिकडे ‘रन’ करायची असते तेव्हा आपण ती ‘टाकतो’, ‘ओढतो’ किंवा ‘नेतो’. विद्युत जोडणीच्या सूचनांत हा अर्थ पावलोपावली येतो, आणि कोशाने तो वर घेतल्यामुळे शोधायला लागत नाही.

मी काही वाक्यं ठरवून ठेवली आहेत, ती प्रत्येक कोशावर लावून बघते. धुतल्यावर रंग ‘रॅन’. कोबिल्डने कापडाचा रंग आणि कागदावरची शाई एकाच अर्थात घेतली आहे : ओलं झाल्यावर पसरणं किंवा निघणं. पुरेसं आहे. मराठीत कापडाचा रंग जातो आणि शाई फुटते, दोन वेगळी क्रियापदं. पण ती निवड माझी, कोशाने मला गोष्ट नेमकी दाखवली. कराराला अजून दोन वर्षं ‘टु रन’. आहे, मुदतीचा अर्थ स्वतंत्र दिला आहे. वर्तमानपत्राने बातमी ‘रॅन’. आहे, छापली. महागाई अमुक टक्क्यांवर ‘रनिंग’ आहे. हाही आहे, आणि हा अर्थ बऱ्याच छोट्या कोशांत गळतो. ‘फीलिंग्ज रॅन हाय’, वातावरण तापलं, हेही मिळालं. निवडणुकीतलं ‘रन फॉर’ तर सुरेख मांडलं आहे : हा मुख्यतः अमेरिकन वापर, ब्रिटिश इंग्रजीत सहसा ‘स्टँड’ म्हणतात असा खुलासा आहे. एकाच निवडणुकीला अमेरिकन माणूस धावतो आणि ब्रिटिश माणूस उभा राहतो, आपल्यासारखाच. इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना ‘शर्यतीत धावत आहेत’ असं काहीतरी लिहिण्याचा मोह होतो, त्यावर हा एका ओळीचा खुलासा पुरतो.

मग येतात जोडक्रियापदं. खरी कसोटी इथे आहे आणि कोबिल्डने ती नोंदीच्या शेवटी एकत्र, प्रत्येकी वेगळ्या परिच्छेदात ठेवली आहेत. ‘रन ओव्हर’ बघा. गाडी माणसाला रन ओव्हर करते तेव्हा माणूस चाकाखाली येतो. सभा रन ओव्हर होते तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा लांबते. आणि आपण टिपणं रन ओव्हर करतो तेव्हा त्यांवरून एकदा नजर फिरवतो. अपघात, उशीर आणि उजळणी. ‘रन अप’ने कर्ज वाढतं, झेंडा वर चढतो आणि कपडा झटपट शिवून होतो. ‘रन आउट’ मध्ये साठा संपतो, मुदत संपते, आणि क्रिकेटमध्ये फलंदाज संपतो. विम्याच्या कागदात ‘द पॉलिसी हॅज रन आउट’ असं आलं तर मुदत संपली आहे, रक्कम संपलेली नाही. या एका फरकावर कुणाचा तरी दावा अवलंबून असू शकतो. इथे कोबिल्डची खरीखुरी, कॉर्पसमधून उचललेली उदाहरणवाक्यं फार उपयोगी पडतात, कारण त्यांत कर्ता दिसतो. नुसत्या व्याख्येवर माझं समाधान झालं नसतं.

तक्रारीही आहेत. पूर्ण वाक्यांतल्या व्याख्या वाचायला सुंदर, पण चाळायला जड. ‘रन’सारख्या लांब नोंदीत प्रत्येक अर्थ ‘तुम्ही जर’ने सुरू झाला की डोळ्याला पकडायला खुंटीच राहत नाही. घाईच्या वेळी हे जाणवतं. या बाबतीत लाँगमनचा कोश पुढे आहे. लाँगमनने 1978 मध्येच सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत लिहायचा नियम घालून घेतला होता, आणि 1995 च्या आवृत्तीपासून लांब नोंदींमध्ये प्रत्येक अर्थाआधी एक छोटी पाटी लावली : यंत्रं, बस आणि गाड्या, निवडणूक, द्रव पदार्थ, कपड्यातलं भोक, अशी. ती पाटी बघत बघत खाली सरकायचं, हवी ती दिसली की थांबायचं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशानेही 2000 च्या आवृत्तीपासून अशाच खुणा आणल्या. हॉर्नबी यांचा हा कोश, मूळचा 1942 साली टोकियोत छापलेला. कुठल्या क्रियापदापुढे वाक्यरचना कशी येते हे सांगण्यात त्याचा हात आजही कुणी धरत नाही. कोबिल्डने ‘रन’सारख्या नोंदींना अशा ठळक पाट्या लावल्या असत्या तर मला दुसरा कोश उघडावाच लागला नसता. सध्या घाईत असेन तर मी लाँगमनच्या पाट्यांवरून अर्थ शोधते आणि खात्री करायला कोबिल्डकडे येते.

दुसरी उणीव म्हणजे शब्दाचा इतिहास यात नाही. शिकणाऱ्यांच्या कोशात तो सहसा नसतो, हे खरं. पण ‘रन’सारख्या शब्दात एका ओळीत जरी सांगितलं असतं, की वाहणं हा जुना अर्थ आहे आणि यंत्रांचे अर्थ नंतरचे, तर हे सगळे अर्थ एकाच शब्दाला का चिकटले ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असतं. विस्कळीत यादी पाठ करण्यापेक्षा धागा धरून वाचलेलं लक्षात राहतं.

आणि व्यवसायातले खास अर्थ. जमिनीच्या करारनाम्यात ‘रन विथ द लँड’ असा शब्दप्रयोग येतो. म्हणजे एखादी अट जमिनीला चिकटलेली आहे. जमीन विकली गेली तरी ती अट नव्या मालकावर बंधनकारक राहते. ‘जमिनीबरोबर धावणारी अट’ लिहून भागत नाही. मी ‘जमिनीसोबत पुढील मालकाकडे जाणारे बंधन’ अशा धर्तीवर लिहिते आणि वकिलाला दाखवून घेते. असे प्रयोग विद्यार्थी-कोशात शोधू नयेत, त्यासाठी विधी-कोश किंवा ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. ही कोबिल्डची चूक म्हणता येणार नाही, पण घेणाऱ्याला आधी माहीत असलेलं बरं.

‘यात मराठी अर्थ नाहीत, मग मला काय उपयोग?’ असं बरेच जण विचारतात. मला तोच त्याचा गुण वाटतो. मराठी प्रतिशब्द समोर आला की डोकं तिथेच थांबतं. व्याख्या समोर आली की आधी प्रसंग उभा राहतो आणि त्या प्रसंगाला आपण मराठीत काय म्हणतो ते आपोआप जिभेवर येतं. इंग्रजी ‘रन’च्या निम्म्याहून अधिक जागी मराठीत ‘चालणे’ येतं : यंत्र चालतं, दुकान चालतं, नाटक शंभर प्रयोग चालतं, खटला चालतो. ‘धावणे’ हा पहिला प्रतिशब्द मनातून काढून टाकला तरच ‘चालणे’ सुचतं, आणि कोबिल्डची व्याख्या तो काढून टाकायला मदत करते. शिक्षकांनी तर वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका नोंदीतली वाक्यं मुलांना द्यायची, कोशातला अर्थ वाचायला लावायचा आणि आपण घरी काय म्हणतो ते विचारायचं. मुलं ‘धावणे’ फारच कमी वेळा म्हणतील.

नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याने मात्र हा मोठा कोश लगेच घेऊ नये. व्याख्या इंग्रजीत आहेत, वाक्यं सोपी असली तरी लांब आहेत, आणि साधं वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचता येत नसेल तर दमछाक होईल. त्यांच्यासाठी सगळ्याच प्रकाशकांचे छोटे, खालच्या पातळीचे कोश असतात. भाषांतर करणारे, इंग्रजीतून लिहिणारे, शिक्षक, आणि वाचता उत्तम येतं पण लिहिताना अडतं असे सगळे, यांनी डोळे झाकून घ्यावा.

संकेतस्थळावर की कागदावर, हा शेवटचा प्रश्न. संकेतस्थळावर उच्चार ऐकता येतो, एखादा वाक्प्रचार थेट टंकून शोधता येतो, आणि लाँगमन, ऑक्सफर्ड, कोबिल्ड शेजारीशेजारी उघडून बघता येतात. एकच अर्थ तपासायचा असेल तर मी तेच करते. पण ‘रन’, ‘सेट’, ‘टेक’ यांच्या पूर्ण नोंदी वाचायच्या असतील तर कागदच बरा. पडद्यावर नोंद गुंडाळीसारखी खाली खाली जाते आणि वरचे अर्थ नजरेआड होतात. छापील पानावर सगळे अर्थ एकदम समोर असतात, एका अर्थावरून शेजारच्या स्तंभातल्या अर्थावर नजर उडी मारते, आणि न शोधलेलं काहीतरी सापडतं. ‘रन अ कार’चा अर्थ मला असाच, दुसरंच काही शोधताना मिळाला होता.

छापील आवृत्ती घेणार असाल तर जुनी मिळाली तरी सोडू नका. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकुराच्या बाजूला एक चिंचोळा जादा स्तंभ असे आणि त्या त्या अर्थाचं व्याकरण तिथे थोडक्यात दिलेलं असे : कर्म हवं की नको, पुढे कुठलं शब्दयोगी अव्यय येतं. व्याख्या वाचताना मध्ये खुणांचा अडथळा नाही, हवं तेव्हा बाजूला नजर टाकायची. संगणकाबद्दलचे नवे अर्थ त्यात कमी असतील, ते संकेतस्थळावर बघता येतात. ‘रन’च्या पानाला मात्र खूण घालून ठेवा, कोश सारखा तिथेच उघडावा लागणार आहे.